आईनं वाढलेलं लोणचं

सातव्या महिन्यात माझे पाय सुजले, रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिनं जायला लागली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला तपासणीला बोलावलं. खाण्याबद्दल म्हणाल्या, "मीठ पार बंद करू नका, पण लोणचं-पापड नको. डाळी, अंडी, दूध पोटभर घ्या."

मी रहिमतपूरहून माहेरी, कवठे महांकाळला आले होते. आईनं ते सगळं व्रतासारखं पाळलं. लोणच्याची बरणीसुद्धा शेजारणीकडं नेऊन ठेवली.

मुलगी थोडी आधी झाली, पण धडधाकट. घरी आल्यावर आई म्हणाली, "सुटलीस गं बया! आता खा मनासारखं." भाकरी-तुपाशेजारी तिनं लोणच्याची एक फोड वाढली. मी ती चोखत बसले. किती दिवसांनी!

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. "जागरणानं हाय," म्हणत आईनं तेल चोळलं. मलाही तसंच वाटलं. दुपारी डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मुलीला पाजतानाच मला आकडीचा झटका आला.

शुद्धीवर आले ती सांगलीच्या दवाखान्यात. मुलगी माझ्या मावशीकडं वाटी-चमच्यानं दूध पीत होती. आई पायाशी उभी राहून एकच म्हणत होती, "म्याच चारलं तुला."

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "एका फोडीनं असं होत नाही. हा आजार बाळंतपणानंतरही उसळतो. डोकं दुखलं तेव्हाच आणायला हवं होतं."

आईनं मान हलवली. मला वाटतं, तिनं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

मी बरी झाले. मुलीला पाजणं मात्र पुन्हा नीट जमलं नाही. आता ती अंगणवाडीत जाते.

यंदा धाकट्या बहिणीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं म्हणून तिनं हौसेनं फोन केला. आई म्हणाली, "न्हाई बाई, तू तितंच ऱ्हा. मला नगं ती जोखीम."

बहीण रडली. मी आईला म्हटलं, "अगं आई, तुझ्यामुळं नव्हतं झालं ते."

"व्हय," आई म्हणाली, आणि शेळीला पाणी दाखवायला उठून गेली.

बहिणीच्या सासूबाईंना मी फोन केला. बाळंतपणानंतरही डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर लगेच दवाखाना गाठा म्हणून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. बहिणीनं मात्र माहेरासाठी भरलेली पिशवी परत रिकामी केली.