टोचलं की सांगा

माझ्या मामाइतका माणसांना पिडणारा मास्तर अख्ख्या शहापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. किन्हवलीजवळच्या एका कॉलेजात त्याने तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. पोरं निदान पास होऊन सुटली. आम्ही नातेवाईक कुठे जाणार? डोळा, कान, नाक, जीभ, कातडी या पाचांना काय कळतं आणि कितपत कळतं, एवढा एकच प्रश्न त्याला जन्मभर पडला आणि त्याची उत्तरं त्याने आमच्याकडून वसूल केली. तो येताना दिसला की आई आधी साखरेचा डबा लपवायची. एकदा तिला उशीर झाला आणि मामाने माझ्या बायकोसमोर चहाचे सात कप ओळीने मांडले. प्रत्येकात किंचित साखर वाढवत जाणार, गोड लागला की सांगायचं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्हणून तिने पहिल्याच कपाला "लागला गोड" म्हणून टाकलं. मामा टाळी वाजवून ओरडला, "त्यात साखरच नव्हती, सूनबाई! बघ, नुसत्या अपेक्षेनंही गोड लागतं!" त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी चार.

एकदा मुरबाडला लग्नाला जाताना एसटीत त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "अंगातला शर्ट जाणवतो का हो तुम्हाला? नाही ना? सवय झाली की कातडी कळवणं बंद करते." म्हाताऱ्याला तोवर खरंच जाणवत नव्हता, आता जाणवायला लागला. मग पुढच्या बाकाला, मग मागच्या. शेवटी निम्मी गाडी मान खाजवत बसली आणि कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, आता एक शब्द बोलू नका, नायतर हितंच उतरवतो."

गेल्या वर्षी मात्र त्याने हद्द केली. वडील दुपारी शेतावरून भुकेले आले होते, ताट वाढलेलं होतं, आणि मामा नव्या प्लॅस्टिकच्या झाडूचा एक तंतू तोडून त्यांच्या पायाशी बसला. "भावोजी, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"मामा, त्यांना जेवू दे रे!" मी ओरडलोच.

वडिलांनी हसून डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग तेच कंटाळून म्हणाले, "अरं मास्तर, चालू कर की! भात थंड होतोय माजा."

मामाने तोवर नऊ वेळा टोचलं होतं.

त्याने वडिलांचा पाय उचलून उलटा केला. टाचेत काचेचा तुकडा रुतला होता आणि भोवतीचं मांस काळं पडलं होतं. वडिलांना साखरेचा आजार होऊन बारा वर्षं झाली होती. "दुखत नाय तर कसली जखम?" ते म्हणत राहिले. आम्ही तसेच त्यांना रिक्षात घालून शहापूरला नेलं. चार दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय राहिला, पण तळव्यांची संवेदना काही परत येणार नव्हती. अनवाणी चालायचं नाही, शेतात उतरायचं तर नाहीच.

ही संवेदना गेली कधी, हे वडिलांनाही सांगता येईना. "एकदम गेली असती तर कळलं असतं रे," ते मामाला म्हणाले. त्यावर मामाने काही समजावून सांगितलं नाही.

यंदा भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना दोघं बांधावर बसले होते, वडील जाड बूट घालून, मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी चहा घेऊन गेलो तेव्हा वडील म्हणत होते, "उतर ना रे जरा. सांग मला."

मामा खाली चिखलात उतरला. दोन पावलं चालला, थांबला.

"वर कोमट आहे, भावोजी. खाली गार. बोटांमधून वर येतोय."

वडिलांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले, "तसाच लागतो."