पाठमोरा भक्त

गणपतीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या वर्षी तो माझं काही ऐकणार नाही अशी माझी खात्रीच झाली होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी नुकतीच शिकवायला लागले होते. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं, फक्त घंटा वाजवायची तेवढी बाकी. क्लास चालवणाऱ्या सरांनी गणेश मंडळाला परस्पर शब्द देऊन टाकला, की यंदा मांडवात मूर्तीपुढे ठेवलेल्या टीव्हीवर कॉम्प्युटरचा भक्त येईल, गणपतीपुढे हात जोडेल आणि त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव दिसेल. तो भाव आणायचा मी. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. वडील गेल्यापासून घर माझ्याच पगारावर चालत होतं.

भक्त होता चौकोनी ठिपक्यांचा. डोळ्यांना दोन ठिपके, तोंडाला चार. एक ठिपका वर सरकवला की दात काढायचा, खाली सरकवला की रडका व्हायचा. सर म्हणाले, "याची दाढ दुखून राहिली का?" शेवटी मी घरी आरशापुढे सराव सुरू केला. हात जोडायचे, मान कलती करायची, ओठ जरासे उघडायचे आणि दिसेल ते ग्राफ पेपरवर उतरवायचं. आई दारातून बघत होती.

"पोट दुखून राहिलं का वं? ओवा देऊ?"

"आई, मी भक्ती करून राहिली!"

तिने तरीही ओवा दिला.

पोळा झाला, गणपती तोंडावर आले. मी टेकडीच्या गणपतीला गेले ती भांडायलाच. पण गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि सवयीने मान कलती झाली, ओठ उघडले. मागून एक बाई खेकसली, "काहून वं पोरी, दर्शन घेऊन राहिली का फोटो काढून घेऊन राहिली? सरक ना!"

मी ओशाळून बाजूला झाले. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि देवाशी काहीतरी पुटपुटत राहिली. तिचा चेहरा मला दिसतच नव्हता. दिसत होती नुसती पाठ, हळूहळू सैल पडत गेलेले खांदे, झुकलेली मान. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी आरशात स्वतःला बघत हात जोडत होते, आणि माझा भक्तही देवाकडे पाठ करून लोकांकडे बघत होता! तिला काही सांगावं म्हणून डोळे पुसले, तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी भक्ताचं तोंडच पुसून टाकलं आणि त्याला वळवलं. आता तो येतो, हातातली पिशवी ठेवतो, खांदे सोडतो, वाकतो.

"तोंड कुठी गेलं याचं?" सर ओरडले.

"देवाकडे, सर."

मांडवात लोक थबकून बघत होते. एक आजोबा तर टीव्हीच्या मागे जाऊन तोंड शोधून आले. मग काय वाटलं कोण जाणे, टोपी सारखी करून त्यांनी मूर्तीला हात जोडले. सरांनी ते पाहिलं आणि माझी नोकरी पक्की झाली.

ती बाई कोण होती, याचा मी फार विचार करत नाही. बाप्पाने तिच्या तोंडून मला झापलं, एवढं मला पुरे आहे. देवापुढे काही दाखवायचं नसतं, हातातलं ओझं तेवढं खाली ठेवायचं असतं. त्या संध्याकाळी आरतीला मीही हात जोडले. तेव्हा माझा चेहरा कसा होता, ते त्यालाच ठाऊक.