शिंपल्यांना कॅनचं पाणी

"सर, हे तं हालूनच नाही राह्यलं," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता पौर्णिमा म्हणाली.

तिच्या शेजारी एक्स्टर्नल उभे होते, म्हणजे बाहेरून परीक्षा घ्यायला आलेले प्राध्यापक. त्यांच्या हातात कॅनच्या थंडगार पाण्याचा ग्लास. तो मीच दिलेला. मी पौर्णिमाचा गाइड. यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि मुलं माझं ऐकतात असं घरी सांगतो.

प्रोजेक्ट साधा आहे, घाबरू नका. शिंपल्याच्या कल्ल्यांवर अतिबारीक केसांच्या रांगा असतात. पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, आम्ही सिलिया म्हणतो. हे केस वल्ह्यांसारखे हलून पाणी आत ओढतात. त्या पाण्यावरच शिंपल्याचा श्वास आणि जेवण. मज्जातंतू सेरोटोनिन सोडतात, तोच केसांना 'जोरात हला' हा निरोप. माणसांत लोक त्याला खुशीचं रसायन म्हणतात. शिंपला खूश होतो का, ते ठाऊक नाही. त्याच्यासाठी तो ॲक्सिलरेटर. कल्ल्याचा तुकडा कापला की निरोप तुटतो, केस मंदावतात. वरून सेरोटोनिनचा थेंब टाकला की पुन्हा सपासप सुरू. पौर्णिमाने हे वर्षभर पाहिलं होतं. शिंपले तिच्या गावचे, बोरी अरबच्या अडाण नदीतले, नदीच्याच पाण्यासकट बादलीतून आणलेले.

आज थेंब टाकला, तरी केस ढिम्म.

"रिपोर्टमध्ये तर जोरात हलतात म्हणून लिहिलंय," एक्स्टर्नल म्हणाले. "स्वतः पाहिलं होतं, की नेटवरून उचललं?"

पोरीचा चेहरा उतरला. "पाह्यलं ना सर! किती खेपा पाह्यलं!" मग तिने बादलीत हात घातला आणि झटक्यात काढला. "हे पाणी थंड काहून आहे? नदीचं पाणी कोनं फेकलं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथल्या कुंड्यांत अडाण नदी मुरत होती.

सकाळी बादलीला गाळाचा वास आला होता. बाहेरचा माणूस येणार आणि आपली बादली अशी! आमच्याकडे पाहुण्याला नळाचं पाणी देत नाहीत, कॅन मागवतात. मी दोन मागवले. एक पाहुण्यांना, एक शिंपल्यांना. तुकडा ठेवायच्या काचेच्या वाटीतही तेच ओतलं.

"मी," मी म्हणालो. "कॅनचं टाकलं. फिल्टरचं."

"कायले पण, सर?"

"पाहुणे येणार होते ना."

एक्स्टर्नलनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. "तुमचा विषय प्राणिशास्त्रच ना?"

तोच. फिल्टरच्या पाण्यात क्षार नावापुरते, त्यात पेशी फुगतात, आणि थंडीने सिलिया सुस्तावतात, हे मी दरवर्षी शिकवतो. त्या क्षणी जमिनीत गडप व्हायची सोय असती तर मी लाइन लावली असती.

पौर्णिमा मात्र बादलीत वाकून बघत होती. "सर, यायनं तं तोंडच उघडलं नाही!"

खरंच. नको ते पाणी आलं की शिंपला झडपा गच्च मिटून घेतो. माझा पाहुणचार त्यांनी दारातूनच परत पाठवला होता. आत अजून अडाणचंच पाणी होतं.

तिने एक उघडला, नवा तुकडा कापला, स्वतः बनवलेल्या क्षारांच्या द्रावणात ठेवला. केस मंद होते. थेंब टाकला आणि पुन्हा डोळा लावला.

"हालले! सर, पाहा, हालले!"

एक्स्टर्नल बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होते. "सुरेख," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शिंपले समजदार निघाले."

ते कोणापेक्षा, हे त्यांनी सांगितलं नाही. पौर्णिमाला मार्क चांगले पडले. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, शिंपल्यायले आलूपोहे नाही चारले."

आता लॅबमध्ये बादलीवर कागद चिकटवलेला असतो: 'शिंपल्यांचं पाणी. सरांनी हात लावू नये.' अक्षर पौर्णिमाचं. वर कोपऱ्यात 'कृपया' आहे. ते मी घातलं.