आपोआप बंद पडलेलं मशीन

टियोंगे न्यिरेंडाला एका शब्दाची भयंकर चीड होती: आपोआप. म्झुझू शहराच्या बसस्टँडमागे, दोन शिंप्यांच्या मधे तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अठरा वर्षांत तिच्याकडे आलेलं प्रत्येक मशीन म्हणे आपोआपच बंद पडलेलं! रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वडिलांनी तिला शिकवलं होतं, आधी विचार काय झालं होतं, मग स्क्रू-ड्रायव्हर उचल. पण खरं सांगेल तर तो गिऱ्हाईक कसला!

त्या दिवशी शाळेच्या ऑफिसातही तेच. परीक्षेला बसणाऱ्या त्रेसष्ट मुलांची यादी मशीनमध्ये अडकलेली. बाराच्या आत बोर्डाकडे गेली नाही तर सगळ्यांचं वर्ष बुडणार, आणि त्यात टियोंगेची लेक वानांगवाही होती.

दारातच तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून हेडमास्तर म्सिस्कांना नमस्कार केला आणि विचारलं, "काय झालं होतं, सर?"

"काही नाही, वानांगवाच्या आई. काल मस्त चालत होतं. आज आपोआप बंद."

"कुणी हात लावला? काही सांडलं, पडलं?"

"छे!"

कारकून लुसुंगू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह उमटायचं, आणि मशीन टीट-टीट करत तिथेच ठाण मांडायचं. टियोंगेने डबा उघडला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. सेल बदलला. हार्डडिस्कची वायर बदलली. टीट-टीट! कीबोर्ड तेवढा जागेवर राहिला, कारण तो काढला तर मशीनला हुकूम द्यायचा कशाने?

साडेअकरा झाले. म्सिस्का म्हणाले, "लोक सांगत होते, ही बाई हुशार आहे बुवा."

"हुशारी आहे सर. माहिती नाहीये," ती फणकारली. डोकं नुसतं भणभणत होतं. हे मशीन लाथ मारून खिडकीबाहेर उडवावं असं तिला वाटलं.

पावणेबाराला तिने हात टेकले. आता बोर्डाला फोन करून एक दिवस मागून घ्या, अशी म्सिस्कांना विनवणी करायची. मोठ्यांकडे काही मागायचं तर उभ्याने मागत नाहीत. ती टेबलाशी गुडघ्यांवर बसली, आणि नजर टेबलाच्या उंचीला आली.

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढत होती. थेट कीबोर्डमध्ये.

तिने कीबोर्ड उलटा केला. खालून चिकट, तपकिरी. दोन बटणं दबली ती तशीच रुतून बसलेली, कुणी बोटाने दाबून धरल्यासारखी; म्हणूनच मशीन अडून टीट-टीट करत होतं. हेडमास्तरांच्या चहात चार चमचे साखर असते, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. तिने पिशवीतला स्वतःचा कीबोर्ड लावला. मशीन निमूट सुरू झालं. यादी गेली तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती.

"मी कसं सांगणार होते, ताई?" लुसुंगू कुजबुजली. "मोठ्या माणसाची चूक, त्यांच्याच तोंडावर?"

"बघा, झालं की नाही सुरू!" म्सिस्का खूश होऊन म्हणाले. "आपोआप बंद पडलं, आपोआप..."

टियोंगे पुन्हा गुडघ्यांवर बसली. मान खाली, हात जोडलेले, अगदी रीतीप्रमाणे.

"सर, चहा तुम्ही सांडलात. माझ्या लेकीचं वर्ष जात होतं."

मोठ्यांनी 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. ती वाट बघत बसून राहिली.