खाली दाढा नसताना

मी दात बनवतो. धुळ्यात देवपूरला माझी छोटीशी डेंटल लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून मॉडेल काढतो आणि कॅप, कवळ्या करून देतो. जे मापात बसत नाही ते मी मानत नाही... अंगारे-धुपारे करणाऱ्यांची मी इतकी टिंगल केली आहे, की हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझा मोठा भाऊ अमळनेरला राहतो. लग्न केलं नाही, आईजवळच राहिला. मागच्या वर्षी आमची माय गेली आणि भाऊ झोपेत दात खायला लागला. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशी करकर. वरच्या दाढा झिजून सपाट झाल्या, खालच्या उजव्या दोन चिरल्या, त्या काढाव्याच लागल्या. डॉक्टर म्हणाले, वर कॅप बसवू म्हणजे वरच्या तरी वाचतील, जखम भरली की खालचं बघू.

कॅप करताना उंची ठरवायला समोर खालची दाढ लागते. भाऊची तर काढलेली. कपाटात मायच्या खालच्या दातांचं मॉडेल पडून होतं, तिची वरची कवळी केली तेव्हाचं. दोघांचा जबडा सारखाच. मी भाऊच्या कॅप मायच्या दाढांवर बेतल्या, आणि कोणाला बोललो नाही.

पंधरा दिवसांत भाऊ गाल धरून आला. झिरकोनियाच्या कॅप — माझ्या मशीनलाही घासायला जड जातात — खोल झिजल्या होत्या. खाली नुसती हिरडी! डॉक्टर माझ्यावरच चिडले, हलकं मटेरियल वापरलं म्हणून. त्यांनी त्या काढल्या. मी दुसऱ्या केल्या, समोर कोणतंही मॉडेल न ठेवता, अगदी सपाट. त्याही तशाच झिजून परत आल्या. मी त्या मायच्या मॉडेलवर टेकवल्या... घट्ट बसल्या. मायच्या एका दाढेचा कोपरा सुपारी फोडताना उडाला होता. बरोबर तेवढ्याच जागी कॅप शाबूत होती.

तिसऱ्या कॅप बसवून आला त्या दुपारी भाऊ लॅबमध्येच खुर्चीत झोपला. तोंड उघडं, जबडा जराही हलत नव्हता. आणि करकर सुरू झाली. मी वरची कॅप आणि खालची हिरडी यांच्या मधल्या जागेत बोट घातलं. बोट दोन्हीकडून दाबलं गेलं. खालून दात लागले.

मी रडायलाच लागलो. "माय, सोड वं त्याले. तो जेवस नही. मरी जाई."

आवाज थांबला. भाऊ जागा झाला. मी म्हणालो, "भाऊ, ह्या कॅप आत्ते काढी टाकूत."

त्याने तोंडावर हात ठेवला. "नको. मना जवळ माय तेवढीच शे."

तेव्हापासून तो डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही. मायचं मॉडेल मी तापीत सोडून आलो, काही फरक नाही. झोपताना घालायचं गार्ड करून दिलं, ते आठ दिवसांत आरपार झिजलं. भाकरी सुटली, मग वरण-भात सुटला. त्याला मी धुळ्याला माझ्याकडेच आणलंय.

याचा अर्थ मला लावता येत नाही. जिने त्याला आयुष्यभर गरम जेवू घातलं ती असं का करेल? आणि ती नसेल, तर माझ्या बोटाला काय लागलं... कोणाला काही उपाय माहीत असेल तर लिहा. अंगारा असला तरी चालेल. फक्त लवकर लिहा. कालपासून मी भाऊला चमच्याने पेज भरवतोय. दोन चमचे झाले की तो तोंड मिटतो, आणि हसतो.