रस्त्यावर तरंगणारी गाडी

बदनापूर स्टेशनात पॅसेंजर थांबली तेव्हा पत्र्याची पेटी माझ्या मांडीवरच होती. पेटीत विमानातून काढलेले फोटो. ते आमच्या भूजल खात्याबाहेर कुणालाही दाखवायचे नाहीत, हे साहेबांनी निघताना दोनदा बजावलं होतं. एकदा सांगून मी ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पंच्याऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. राजूरच्या वाटेवरच्या एका गावाला पिण्याच्या पाण्याची सोय हवी होती. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. गावाबाहेर एक जुनी बारव (पायऱ्यांची विहीर) बुजून पडली होती. तिचा गाळ काढायचा की दुसरी जागा शोधायची, एवढं मला ठरवायचं होतं.

एसटी हुकली, ती माझ्याच चहापायी. मग एका टेम्पोत सरकीच्या पोत्यांवर बसून निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी, ऊन असं की डोळे उघडवेनात. फाट्यावर उतरलो तर ड्रायव्हर म्हणाला, गावात जायचं तर नव्या रस्त्यानं जा. बारवेकडच्या वाटेला आता कोणी गाडी घालत नाही. वाट खराब आहे का, असं मी विचारलं.

"वाट बराबर हाय," तो म्हणाला. "बैलं बिचकतात."

मी अर्थातच बारवेच्या वाटेनं गेलो. चाकोऱ्यांत गुडघाभर गवत वाढलं होतं. बारवेची एक बाजू पार ढासळलेली, पायऱ्या मातीत गडप. भर दुपारी तिथं एकही पाखरू ओरडत नव्हतं. मी पेटी पोटाशी धरली आणि जरा भरभरच चाललो, खोटं कशाला सांगू.

गावाच्या कडेचं पहिलंच घर कौसाबाईंचं. पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सरपंचांनी माझं जेवण त्यांच्याकडं सांगितलं होतं. गरम भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी) आणि कांदा. मी तीन भाकरी हाणल्या. जेवण झाल्यावर अंगणातल्या बाजेवर उन्हात फोटो मांडले आणि वर माझं यंत्र ठेवलं. यंत्र म्हणजे काय, चार पायांवर उभा केलेला दोन भिंगांचा चष्मा. विमान उडता उडता काही सेकंदांच्या अंतरानं दोन फोटो काढतं. डाव्या डोळ्यानं पहिला आणि उजव्यानं दुसरा पाहिला की सपाट कागदातून जमीन उठून उभी राहते. टेकडी वर येते, विहीर खोल जाते.

कौसाबाई भांडी घासायची सोडून बघत उभ्या राहिल्या. मला फुशारकी आवरेना. साहेबांचं बोलणं गेलं उडत. म्हटलं, "बघा, वीस वर्षांपूर्वीचं तुमचं गाव."

त्या वाकल्या. मग त्यांनी आपलं घर ओळखलं, कडुनिंब ओळखला, तेव्हा धड असलेली बारवही ओळखली. आणि विचारलं, "ही गाडी रस्त्याच्या वर कशी?"

मी पाहिलं. बारवेशेजारी एक बैलगाडी रस्त्यापासून चांगली वर, हवेत तरंगत होती. मी हसून शहाणपणा पाजळला: दोन फोटोंच्या मधल्या वेळात जे हलतं, ते असं दिसतं. विमानाच्या दिशेनं चाललेलं जमिनीत रुतलेलं दिसतं, उलट येणारं वर तरंगतं.

"विमान कुणीकडं चाल्लं व्हतं?"

फोटोंचे क्रमांक पाहून मी सांगितलं, गावाकडून बदनापूरकडं. म्हणजे गाडी गावाकडं येत होती.

त्या बाजेशेजारी खाली बसल्या. मग थांबत थांबत सांगू लागल्या. विमान घिरट्या घालत होतं त्या सकाळी विमानाला भिऊन गावात कुणी गाडी जुंपली नव्हती. निघाले होते फक्त त्यांचे मालक, एक पांढरा आणि एक काळा बैल जुंपून. रात्री भांडण झालेलं. आगगाडीत बसून निघून जातो म्हणाले होते. दुपारी बैल रिकामी गाडी घेऊन दारात उभे. सगळे धरून चालले, स्टेशनावर उतरून गेला, बायको टाकली. मग शोधणार तरी कोण? त्याच पावसाळ्यात बारव ढासळली. बाईंना मात्र वीस वर्षं टाकलेली म्हणून लोकांची बोलणी खावी लागली.

मी मोठं भिंग लावलं. एक बैल पांढरा, एक काळा. पहिल्या फोटोत गाडीवर मुंडाशाएवढा पांढरा ठिपका होता. दुसऱ्यात गाडी होती, ठिपका नव्हता. गाडीला लागूनच बारवेचं काळं तोंड. पाणी प्यायला उतरला असेल. हे मनात ठेवायचं सोडून मी बोलून गेलो. जीभ चावली, पण काय उपयोग?

कौसाबाई पुन्हा यंत्रावर वाकल्या. एकाच डोळ्याला दिसणारी वस्तू तिथं लुकलुकते, ठरत नाही. "हायेत," त्या पुटपुटल्या. "न्हाईत. हायेत." मग त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि तशाच राहिल्या. भिंगावर पाणी पडलं, ते त्यांनी पदरानं पुसलं.

"माघारी येत व्हते," त्या म्हणाल्या. "टाकून न्हाई गेले."

मी कसाबसा म्हणालो, बारवेचा गाळ काढला तर कळेल काय ते.

"नका काढू," त्या म्हणाल्या. "गाळ काढला तर कुंकू पुसावं लागंल. इतकी वर्षं टाकलेली व्हते. आजपासून सवाशीण हाय. ऱ्हाऊ द्या मला जरा."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मी नवी जागा दाखवली. पाणी तिथंही लागणार होतं, म्हणून गावाचं काही अडलं नाही. निघताना कौसाबाईंनी धपाटे बांधून दिले आणि त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं नाही, बारवेच्या वाटेकडं बघत.

पुण्याला येऊन मी अहवाल लिहिला: बारवेला पाणी नाही, गाळ काढणे व्यर्थ. धडधडीत खोटं. बारवेत पाणी भरपूर असणार, हे पोरसवदा भूगर्भवाल्यालाही कळलं असतं. सही केली. फोटो जमा करायच्या आधी ती जोडी एकदा यंत्राखाली ठेवली आणि उजवा डोळा हातानं झाकला. ते गाडीवर होते, घराकडं तोंड करून.