मामाचं धड आणि मेंदूतली पट्टी

धारूरच्या डोंगरात माझ्या मामाएवढा तोल कुणाचाच नव्हता. दोन काखांत दोन कोकरं, खांद्यावर तिसरं, तोंडात शिव्या, आणि हा गडी विहिरीच्या कठड्यावरून असा चालायचा की आतली बेडकं मान वर करून बघत राहायची. मी पाहिलीत.

असा माणूस एका सकाळी बाजेवर उठून बसला आणि पोत्यासारखा कलंडला. पुन्हा बसवला, पुन्हा कलंडला. पण आडवा पडला की हातपाय ठणठणीत. पडल्यापडल्या सुईत दोरा ओवून दाखवला.

"सोंग हाय," धाकटा मामा म्हणाला. "न्हाई तर घेतली असंल."

जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाबद्दल हे!

मामीचं निदान वेगळं. आमच्यात मेंढरू गरगरायला लागलं की डोक्याला तापल्या सळईचा डाग देतात. तिनं सळई चुलीत सारली. मामा बाजेवरून ओरडला, "अगं, मी मेंढरू हाय व्हय? पळता येईना म्हणून डागतीस?" मी त्याला जीपमध्ये घातला आणि बीड गाठलं.

तिथं डॉक्टरीणबाईंनी त्याला झोपवून टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून फिरवायला लावली. रेघ ओढल्यासारखी सरळ. उभा केला, तर वाऱ्यातलं ज्वारीचं ताट! मग मेंदूचा फोटो आला. डोक्याच्या मागं, मानेच्या वर लहान मेंदू. त्याचे दोन गोळे, आणि मधोमध सुरवंटासारखी वळ्यावळ्यांची पट्टी, वर्मिस. हातांची बारीक कामं गोळ्यांकडं. बसणं, उभं राहणं, धड सावरणं ह्या पट्टीकडं. पाठीच्या कण्यातून, कानातून तिला सारखी खबर पोचते आणि आपण पडायच्या आत ती आपल्याला सावरते. मामाची तिथलीच एक बारीक नस तुंबलेली.

"व्यायामानं सुधारतील, पण धीर धरा," बाई म्हणाल्या.

मी त्या फोटोला हात जोडले. बोटाएवढी पट्टी, आणि एवढा पहाडासारखा मामा तिनं जन्मभर उभा धरला! वर कधी पगार मागितला नाही, रजा नाही.

घरी आलो, तर धाकट्यानं कळपाला गिऱ्हाईक बघून ठेवलेलं. "ह्याला चालता येईना, मेंढरं वळणार कोण?" त्या दिवसापासून मामा मामीचा खांदा धरून अंगणात उभं राहायला शिकू लागला. पडला, उठला, शिव्यांचा साठा संपला तेव्हा शेजाऱ्यांकडून उसन्या घेतल्या.

टेम्पो घेऊन व्यापारी आला, तेव्हा मामानं मामीचा खांदा सोडला. पाय फाकवून, काठी टेकत, डावीउजवीकडं झुलत त्यानं अंगण ओलांडलं आणि मेंढरांच्या जाळीचा खांब धरला.

"ह्यातलं एक बी इकायचं न्हाई."

"आरं, डुलतोयास की!" धाकटा म्हणाला.

"डुलतोय. पडतोय का बे?"